खाते कोणत्या सर्व्हरवर उघडायचे?

(अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संयुक्त कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय 'मॅस्टोडॉन' असा छापला आहे. तो वाचून एका भाऊंनी मला सकाळीच विचारले, "हे नवीन तणनाशक आलं काय?" तणनाशक नाही. ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, जसे आहे तशीच मजकूर टाकण्याची आणि वाचण्याची ही सोय आहे. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने ती २०१६ साली सुरू केली. फरक एवढाच की एक्सचा मालक एक. इथे हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, आणि ते एकमेकांशी जोडलेले आहेत. तुमच्या खिशात जिओचे सिम असले तरी बीएसएनएलवाल्या जावयाशी बोलता येते ना? तसेच. खाते एका सर्व्हरवर, पण वाचणारा कोणत्याही सर्व्हरवरचा.

आता मुद्दा असा की सिम घेताना जशी कंपनी निवडावी लागते, तसा इथे आधी सर्व्हर निवडावा लागतो. बहुतेक लोक इथेच अडतात, किंवा जो पहिला दिसेल त्यावर अंगठा ठेवतात.

ही उठाठेव कशासाठी, असे म्हणणाऱ्यांना मी कापूस एकाधिकाराची आठवण देतो. १९७२ साली योजना सुरू झाली. खरेदीदार एकच, ग्रेड तोच ठरवणार, चुकारा त्याच्या सवडीने. मेळघाट ओलांडून मध्य प्रदेशात बरा भाव असला तरी तिकडे आपलाच कापूस नेला तर आपण चोर. योजना आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण ज्या घराला दुसरे दार नाही, त्या घरात मालकाच्या चांगुलपणावर जगावे लागते.

१ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालू असताना सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने अडीचशेच्या आसपास खाती भारतात दिसेनाशी केली. त्यात 'किसान एकता मोर्चा'चे खाते होते. त्या तीन कायद्यांबद्दल या सभागृहातच दोन मते आहेत, तो वाद आज नको. खाती त्याच दिवशी पुन्हा उघडली, हेही खरे. पण शेतकऱ्याचे तोंड बंद करायला एका कंपनीला एक कागद पुरतो, हे त्या दिवशी दिसले.

म्हणून दुसरे दार हवे. पण दार निवडताना लोक काय करतात पहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केल्यावर भारतातले पुष्कळ लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले. त्यातले बरेचसे एकाच, सगळ्यात मोठ्या सर्व्हरवर जाऊन बसले आणि थोड्या दिवसांत परत ट्विटरवर आले. एकाधिकारातून पळायचे आणि दुसऱ्या मोठ्या वाड्यात भाडेकरू व्हायचे, यात काय साधले? मोठा सर्व्हर वाईट असतो असे नाही. तो सहसा बंद पडत नाही, यंत्रे चांगली असतात. पण कुठल्याही सरकारने रोखायचे ठरवले तर आधी मोठाच डोळ्यावर येतो.

लहान सर्व्हरचा धोका वेगळा. तो बहुधा एकटा माणूस पदरमोड करून किंवा वर्गणीवर चालवतो. तो थकला की संपले. मॅस्टोडॉन डॉट लोल नावाचा सर्व्हर होता. द्वेषाच्या संदेशांना कंटाळून चालकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बंद करत असल्याचे सांगितले. तीन महिन्यांची मुदत दिली, हा त्याचा भलेपणा. दुसऱ्या एका सर्व्हरने नावाची शेपटी डॉट एएफ अशी घेतली होती. ती शेपटी अफगाणिस्तानची आहे हे लक्षात कोण घेतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारने ते नाव थांबवले आणि सगळ्यांचे पत्ते एका दिवसात खोटे झाले. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे न पाहता वावर मक्त्याने घेण्यासारखेच हे.

इथे एक बारीक गोष्ट नीट ऐका, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येते. तुमचे वाचक तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर आपोआप येतात. पण जुने लिखाण मागेच राहते. आणि वाचक हलवण्यासाठी जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो, कारण 'हा माणूस तिकडे गेला' हे त्यानेच सगळ्यांना सांगायचे असते. सर्व्हर रात्रीतून मेला तर वाचकही गेले. म्हणून बंद होण्याआधी मुदत मिळणार की नाही, हा प्रश्न सर्व्हर किती मोठा, किती देखणा, यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव यायचे तर सर्व्हरचालकाला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. रोज नक्कल काढून ठेवायची. चालकाखेरीज आणखी किमान एकाकडे अडीनडीची किल्ली असली पाहिजे. बंद करायचे तर किमान तीन महिने आधी सांगायचे. वंश, लिंग यांवरून होणाऱ्या द्वेषाला आळा घालायचा. म्हणून आधी त्या यादीतला सर्व्हर पहा. यादीत नसेल तर चालकाला सरळ पत्र टाकून विचारा: किल्ली किती जणांकडे, खर्च कोण भरते? उत्तर देत नसेल तर तेच उत्तर समजा.

मग त्या सर्व्हरचे नियम वाचा आणि तिथली मंडळी काय बोलतात ते आठवडाभर पहा. चालकाला इतर सर्व्हरशी व्यवहार तोडता येतो, आणि त्याच्याशीही इतरांना तोडता येतो. शिवीगाळ चालू देणाऱ्या सर्व्हरवर आपण बसलो तर आपली बातमी निम्म्या गावांच्या वेशीवरच अडेल. आपला दोष काही नाही, पण शेजार भोवतो.

आणखी एक. तिथला खासगी निरोप कुलूपबंद नसतो, चालकाला मनात आणले तर वाचता येतो. आंदोलनाची तारीख, सभासदांचे फोन, कर्जाचे कागद तिथे टाकायचे नाहीत. आणि दिल्लीच्या सीमेवर २०२१ मध्ये झाले तसे इंटरनेटच बंद केले, तर जगातला कोणताही सर्व्हर कामाचा नाही. तेव्हा सायकल आणि हे छापील पत्रकच.

काही तरुणांचा आग्रह आहे की आपलाच सर्व्हर उभा करू. मला ते आवडेल, पण आज नाही. नाव विकत घेणे आणि जागेचे भाडे ही लहान गोष्ट. रात्री बिघाड झाला तर उठणारा माणूस, खोट्या अफवा काढून टाकणारा माणूस, आणि पेरणीच्या दिवसांतही हे करणारा माणूस, असे तिघे मिळाले की पाहू. आपल्याकडे सध्या पंपाची मोटर जळली तर दोन दिवस मिस्त्री मिळत नाही.

तर माझी सूचना अशी. मध्यम आकाराचा, यादीतला, दोन-तीन वर्षे टिकलेला एक सर्व्हर घ्यायचा. तिथे अमरावतीचे एक आणि अकोल्याचे एक खाते उघडायचे. प्रत्येक खात्याचा पासवर्ड दोघांकडे, त्यात एक महिला कार्यकर्ती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्याची नक्कल उतरवून कार्यालयाच्या संगणकात ठेवायची. व्हॉट्सॲपचे ग्रुप चालू राहू द्यायचे. तिथे एका ग्रुपात १०२४ माणसे मावतात, त्यापलीकडच्यांसाठी हे.

सुरुवात कामाच्या गोष्टीने करू. बोंडअळीच्या हंगामात ज्याने वावरात कामगंध सापळे लावले असतील, त्याने रोज सकाळी पतंग मोजून आकडा कळवायचा. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे तुम्हाला माहीत आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव इथले आकडे एका जागी, तारखेसह, कोणालाही खाते न काढता वाचता येतील असे दिसले पाहिजेत. २०१७ मध्ये असे आकडे समोर असते तर निदान शेजारच्या तालुक्याला आठवडाभर आधी कळले असते.

चार सर्व्हरांची माहिती काढायचे काम मी दर्यापूर आणि बाळापूर तालुक्यांकडे देतो. चालकांना पाठवलेली पत्रे आणि आलेली उत्तरे, दोन्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवायची. आता सातवा विषय घेऊ.