साक्षीदाराच्या पोटाचे काय?

(चिंचवड येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपण बसलो आहोत ते चापेकर बंधूंचे गाव. १८९७ च्या प्लेगात सोजिरांनी पुण्यात घरे झडली आणि २२ जूनच्या रात्री दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्याच्या महिनाभर आधी, त्याच प्लेगसंबंधी एका ख्रिस्ती बाईने स्वतःच्या सहीने सरकारवर आरोप केले होते, याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. त्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणजे त्यांची बाजूही घेतली, असा हिशेब आपल्याकडे मांडला गेला. पण बाप्तिस्म्यानंतर त्यांचा पहिला मोठा वाद झाला तो अँग्लिकन चर्चमधील वडीलधाऱ्यांशीच. ख्रिस्त मान्य, पण धर्मगुरूंचा हुकूम विवेकबुद्धीवर चालणार नाही, ही त्यांची भूमिका. श्रद्धा त्यांना सत्याच्या शोधाचा शेवट वाटत नव्हती. मी स्वतः श्रद्धावान नाही. तरीही हा बाणा मला पुष्कळ पुरोगाम्यांपेक्षा मोठा वाटतो.

मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात त्यांनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी लिहिले. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. त्याच सुमारास गोखल्यांनीही विलायतेत सोजिरांच्या अत्याचारांविषयी आरोप केले. परंतु पुण्याहून माहिती कळविणारे पुराव्यासाठी उभे राहिले नाहीत आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांच्या सचोटीबद्दल शंका नको. ते दुसऱ्यांच्या पत्रांवर विसंबून होते. रमाबाई स्वतःच्या संस्थेतील मुलींविषयी बोलत होत्या. ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष’ या शब्दाला मोठा मान आहे. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनालाही त्यांनी ‘साक्ष’च म्हटले.

अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या शारदासदनाला पैसा आला तो अमेरिकेतील देणगीदारांकडून. मुंबई सरकारची गैरमर्जी झाली तरी मुलींच्या ताटातली भाकरी लगेच नाहीशी होणार नव्हती. धैर्य त्यांचेच होते, पण त्याला हा आधारही होता.

आता भोसरी-चाकणच्या शेडमध्ये या. पॉवर प्रेसखाली कंत्राटी पोराची बोटे जातात. सुरक्षा-यंत्रणा चालू होती की उत्पादन वाढावे म्हणून बंद ठेवली होती, हे शेजारच्या प्रेसवरच्याने पाहिलेले असते. चौकशीत तो म्हणतो, ‘मी नव्हतो तिथे.’ त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याचे कंत्राट महिनाअखेर संपते, खोलीचे भाडे थकलेले असते आणि गावाकडे मनीऑर्डरची वाट पाहणारे चार जण असतात.

आपल्या संघटनांकडे संपासाठी निधी असतो. साक्ष दिल्यामुळे काम गेलेल्याला सहा महिने पगार देईल असा निधी किती संघटनांकडे आहे? आज सभेनंतर पदाधिकाऱ्यांनी थांबावे. मला त्याच हिशेबावर बोलायचे आहे.