परमुलखातला करार

उपस्थित बंधू-भगिनींनो, आणि आपल्या पेढ्या लवकर बंद करून या सभागृहात आलेल्या सदर बाजारातल्या सराफ मंडळींनो,

मराठी माणूस रायपूरला नवा नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून या मुलखाचा कारभार पाहिला. पण ते राज्यकर्ते होते. खानापूर, आटपाडी, खटाव, माणच्या दुष्काळी गावांतून निघालेली, सोने-चांदी आटवून शुद्ध करणारी आपली गलाईची माणसे मूस, भट्टी आणि तेजाबाची बाटली घेऊन आली आणि देशभरातल्या सराफ पेठांच्या बोळांत बसली. शब्दावर धंदा करणे हा आपला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. आज मात्र मला शब्द मोडल्यानंतर काय करायचे, यावर बोलायचे आहे. बाहेरगावच्या माणसाला या प्रश्नाची झळ दुप्पट लागते. त्याच्यामागे ना भाऊबंद असतात, ना ओळखीचा वकील.

अशा वेळी आपली माणसे दोनच वाटा धरतात. एक तर नुकसान गिळतात, नाहीतर स्थानिक 'दादा'कडे जातात. पहिल्या वाटेने संसार बुडतो आणि दुसऱ्या वाटेने इज्जत जाते. तिसरी वाट कायद्याची. ती आपल्यासाठी बंद आहे, असे आपण उगाच धरून चालतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० बघा. जणू आपल्याच भट्टीसमोर बसून लिहिले आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर ज्याने मेहनत किंवा कसब खर्च केले, त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच उदाहरण आहे ते जवाहिऱ्याचे: पैलू पाडायला दिलेला कच्चा हिरा मजुरी मिळेपर्यंत तो अडवू शकतो. त्याखालीच शिंप्याचे उदाहरण आहे. त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे 'पैसे दिवाळीला द्या शेठ' असे आपण मोकळ्या मनाने म्हणतो, तेव्हा हा हक्क आपणच सोडून देतो. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता आहे. मागच्या वर्षीच्या थकबाकीपोटी आजची लगड अडवता येत नाही.

आणि अडवायचे ते उघड. त्याच दिवशी लेखी कळवा: अमुक वजनाची लगड माझ्याकडे आहे, मजुरीची रक्कम इतकी, ती दिली की माल तयार आहे. संतापाच्या भरात सोने पिशवीत घालून कोणी रातोरात विट्याची गाडी धरली, तर त्या रात्रीपासून तो धनको राहत नाही, फिर्यादीतला आरोपी होतो. विश्वासघाताचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४०६ होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे ३१६ आहे. चोरीच्या मालाच्या चौकशीत पोलिसांचे बोट आधी भट्टीवाल्याकडे वळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हिशेबाचे भांडण आपल्या हाताने फौजदारीत नेऊ नका.

हे सगळे उभे राहते ते एका चिठ्ठीवर. तारीख, आलेले वजन, आटणीनंतरचे वजन, घट, टंच, मजुरीचा दर, पैसे देण्याची तारीख आणि दोघांच्या सह्या. दोन मिनिटांचे काम. शेठना वाईट वाटेल म्हणून आपण ती मागत नाही. पण टंच काढल्याशिवाय कोणताही सराफ सोने घेत नाही आणि आपण त्यात अपमान मानत नाही. चिठ्ठीचेही तसेच आहे. संबंध गोड असतात त्या दिवशीच ती लिहून होते.

चेकबद्दल थोडक्यात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात ठरवले की, न वटलेल्या चेकचा खटला देणाऱ्याच्या बँकेच्या गावी चालेल. २०१५ च्या दुरुस्तीने ते फिरवले. आता तुमचे खाते ज्या शाखेत आहे आणि चेक ज्या खात्यात भरला, तिथल्या न्यायालयात जाता येते. मात्र बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. दुसरे, काम घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करून घ्या. ती फुकट आहे. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याने लहान उद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत मिळायला हवेत. थकले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, आणि देणेकरी भारतात कुठेही असो, दाद आपला धंदा आहे त्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. साध्या दिवाणी दाव्याला करारभंगापासून तीन वर्षांची मुदत असते.

आता आपली मुले दुबईला निघाली आहेत. रायपुरात आपण बाहेरचे असलो तरी नागरिक आहोत, तिथे आपण खरोखर परदेशी. तिथल्या स्थानिक न्यायालयांचे कामकाज अरबीत चालते. दोन भाषांतल्या करारात फरक निघाला, तर तिथे अरबी मजकूर धरला जातो. म्हणून अरबी पान स्वतःच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. कोरा सही केलेला चेक कोणाच्याही हाती देऊ नका. २०२२ पासून तिथे न वटलेला चेक घेऊन धारकाला थेट वसुलीसाठी न्यायालयात जाता येते. तिथे निकाल आपल्या बाजूने लागला आणि देणेकरी भारतात पळून आला, तर जानेवारी २०२० च्या अधिसूचनेमुळे तो निकाल इथल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. आधी त्यासाठी इथे नव्याने दावा लावावा लागे. आज परदेशात फसलेल्या मुलाचा बाप 'गेले ते गेले' म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटते. पुष्कळदा ते गेलेले नसते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी एक ठराव मांडतो. हिंदी आणि मराठीत छापलेले एकाच नमुन्याचे चिठ्ठीपुस्तक आपण तयार करावे. प्रत्येक भट्टीवर ते असावे आणि सदर बाजारातल्या पेढ्यांनी ते मान्य करावे. मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. घटीचा रकाना किती दशांशापर्यंत ठेवायचा यावर मतभेद आहेत, तेव्हा चर्चा तिथूनच सुरू करू. सराफ मंडळींनी आधी बोलावे, अशी विनंती करतो.