शिकाऊ डॉक्टरचे जेवण



स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण घेऊन मंडळाचे सदस्य माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी 'वैद्यकशास्त्राची प्रगती' असा भारदस्त विषय सुचवला होता. मी तो नम्रपणे परत केला. आपल्या बाईंच्या नावाने बोलायचे तर मला जेवणाविषयीच बोलले पाहिजे, असे मी म्हणालो, आणि मंडळी थोडी बुचकळ्यात पडली. परंतु या सभागृहात पांढऱ्या केसांची जी मंडळी बसली आहेत, त्यांना कारण सांगावे लागणार नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत न जाता बाई आपला पितळी डबा घेऊन वर्गातच आमच्यामध्ये बसत. शेवटच्या मुलाचा डबा संपेपर्यंत फळा पुसला जात नसे. एखाद्याने डबा आणलेला नसला की बाईंचा डबा त्या दिवशी हटकून 'जास्त' झालेला असे. इंदूरच्या मराठी घरांतून तेव्हा येणारे पोहे, भुट्ट्याचा कीस, पोळी-भाजी आणि वर भुरभुरलेली शेव यांचा मिश्र वास अजून माझ्या नाकात आहे. कुणाला तरी सोबत घेऊन, ठरलेल्या वेळी, घाई न करता जेवणे ही गोष्ट इतकी साधी होती की तिच्याकडे तेव्हा लक्षच गेले नाही. लक्ष गेले ते ती नाहीशी झाल्यावर.

१९७६ साली मला मध्य प्रदेशातल्याच दुसऱ्या एका शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि मी वसतिगृहात राहू लागलो. पहिले दीड वर्ष शरीररचनाशास्त्राचे. सकाळभर शवविच्छेदन केल्यावर फॉर्मॅलिनचा वास साबणानेही बोटांवरून जात नसे. वरण-भात हाताने कालवून खाणारी आम्ही मराठी मुले पहिल्याच आठवड्यात चमच्याने जेवू लागलो. काहींची अन्नावरची वासनाच उडाली. बहुतेकांना मात्र विच्छेदनगृहातून बाहेर पडताच विलक्षण भूक लागे, आणि त्या भुकेची आम्हाला मनातून लाजही वाटे.

मेसचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती असे. दरमहा एक जण सेक्रेटरी होई, महिन्याचा खर्च खाल्लेल्या 'डाएटां'नी भागून वाटला जाई, आणि स्वस्तात महिना काढणाऱ्या सेक्रेटरीची वाहवा होई. त्यामुळे डाळ उत्तरोत्तर पातळ होत गेली यात नवल नाही. रविवारी दुपारी पुरी-खीर, आणि रविवारी रात्री मेस बंद, कारण महाराजांनाही सुट्टी हवी. घरून आलेले डिंकाचे लाडू आणि चिवडा पहिल्या रात्रीच संपावेत हा वसतिगृहाचा अलिखित कायदा होता. मी तो मोडून दोन लाडू पेटीत लपवले होते. त्यांना मुंग्या लागल्या.

खरी ओढाताण तिसऱ्या वर्षापासून, रुग्णालयात पाऊल टाकल्यावर सुरू झाली. बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊला उघडे आणि शेवटचा रोगी उठेतो दोन वाजत. मेस मात्र दीडला बंद होई. ही दोन वेळापत्रके दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत तयार होत, आणि एकाने दुसरे कधी पाहिले असेल असे मला वाटत नाही. त्या अर्ध्या तासाच्या फरकात आमचे दुपारचे जेवण वर्षानुवर्षे बुडत राहिले. मग रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची चहाची गुमटी हेच आमचे भोजनगृह झाले. ग्लुकोजची बिस्किटे चहात बुडवून खायची, परीक्षेच्या दिवसांत तेही नाही, केवळ चहा.

यातली गंमत पाहा. त्याच वर्षी आम्ही आहारशास्त्र शिकत होतो. मध्यम श्रम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या भारतीय पुरुषाला दिवसाला २८०० उष्मांक आणि ५५ ग्रॅम प्रथिने लागतात, हे आकडे डॉ. गोपालन यांच्या पुस्तकावरून आम्ही मुखोद्गत केले होते. मी ते उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिले. लिहिताना पोटात सकाळपासून तीन कप चहा होता. आजही कुणी मला सांगू लागले की मुलांना आहाराचे ज्ञान नाही म्हणून ती अशी खातात, तर मला ती उत्तरपत्रिका आठवते. ज्ञान भरपूर होते. अर्धा तास नव्हता.

१९८३ साली मी औषधवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात निवासी डॉक्टर होतो. एक दिवसाआड चोवीस तासांची ड्यूटी असे, आणि ती चोवीस तासांत क्वचितच संपे. रात्री दोनला चहा, पहाटे फाटकाबाहेर पहिल्या घाण्याची कचोरी, नंतर पुन्हा राउंड. माझे वजन ५६ किलोंवरून ४८ वर आले, ते मला कळलेही नाही. पँटचा पट्टा एक भोक आत गेला एवढेच. मग संध्याकाळचा ताप आणि उजव्या बरगडीत कळ सुरू झाली. दोन आठवडे मी ती अंगावर काढली. शेवटी एका मित्राने छातीवर बोटे ठोकून पाहिली आणि तो काही न बोलता मला क्ष-किरण विभागात घेऊन गेला. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले होते. क्षयरोग. नऊ महिने गोळ्या घेतल्या. त्यातली रिफाम्पिसिनची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. ती अट पाळणे मला मुळीच जड गेले नाही, असा विनोद तेव्हा आम्ही करत असू.

क्षयाचे जंतू मला वॉर्डातल्या हवेतून मिळाले असणार, यात शंका नाही. ते सगळ्यांनाच मिळत होते. मग मलाच रोग का जडला, याचे उत्तर एकट्या माझ्यापुरते कुणी देऊ शकणार नाही. परंतु २०२३ साली डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचताना मी बराच वेळ थांबलो. क्षयरोग्यांच्या घरातील माणसांपैकी निम्म्या गटाला त्यांनी दरमहा जादा धान्य व डाळी दिल्या. त्या गटात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या, म्हणजे इतरांना लागू शकणाऱ्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी. नवे औषध नाही, नवी लस नाही. तांदूळ आणि डाळ.

एक चूक मात्र येथे कबूल करतो. अवेळी जेवण्याने पोटात अल्सर होतो असे आम्हाला शिकवले गेले, आणि मी शेकडो रोग्यांना तेच सांगत आलो. १९८४ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. बहुतेक अल्सरांच्या मुळाशी तो हेलिकोबॅक्टर जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे पुढे सिद्ध झाले, आणि २००५ साली मार्शल व वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा विद्यार्थ्यांना अल्सरची भीती घालणे मी सोडले आहे. जागरण आणि अवेळी खाणे यांचा खरा उपद्रव निराळा आहे. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू देऊन तपासले गेले. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. पोट भरल्याची वर्दी देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी उतरले होते आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले होते. त्यांना हवे होते ते गोड, खारे आणि पिष्टमय पदार्थ. आमची पहाटेची कचोरी ही जिभेची चैन नव्हती तर! शिवाय तेच अन्न रात्री पोटात गेले की रक्तातली साखर सकाळपेक्षा अधिक चढते. आज वसतिगृहाच्या फाटकावर रात्री एक वाजता मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी येऊन पोचते. आमची पिढी वाळत गेली, ही सुटत चालली आहे, आणि दोहोंचे मूळ एकाच वेळापत्रकात आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे लागली.

१९९८ साल. मी तोवर अध्यापक झालो होतो, आणि कडक म्हणून माझी ख्याती होती. एका सोमवारी सकाळी वॉर्डात राउंड चालू असताना, अकराच्या सुमारास, एक विद्यार्थिनी रोग्याच्या खाटेचा गज धरून हळूहळू खाली बसली. मी तिला सर्वांदेखत म्हणालो, "डॉक्टर व्हायचे असेल तर भुकेवर ताबा ठेवायला शिका. रोगी तुमच्या नाश्त्यासाठी थांबणार नाही." मुले हसली. मी पुढच्या खाटेकडे वळलो.

ज्याला स्वतःला त्या वेळापत्रकाने नऊ महिने गोळ्या खायला लावल्या, त्याच्या तोंडून हे शब्द निघाले. आपण सोसले ते दुसऱ्यानेही सोसावे, त्यातच शिक्षण आहे, असे आपल्या व्यवसायात फार जणांना वाटते. मलाही वाटत होते.

राउंड संपवून मी परत आलो तर आमच्या वॉर्डातली आया, जिला सगळे अम्मा म्हणत, आपल्या डब्यातली पोळी आणि भाजी त्या मुलीपुढे ठेवून शेजारी बसली होती. मुलगी रडत नव्हती. खाली मान घालून खात होती. मी विचारल्यावर हळूहळू कळले. रविवारी दुपारनंतर तिच्या पोटात काही गेले नव्हते. रात्री मेस बंद. मुले सायकलींवरून ढाब्यावर जात. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक आठला बंद होई. सकाळी न्याहारी साडेआठला, आणि माझी राउंड आठला. ही साडेआठची आणि आठची गोष्ट मला पंधरा वर्षांपूर्वीच्या दीडची आणि दोनची वाटली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ चहा-पोळी हेच तिचे मुख्य अन्न होते, आणि जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही जेवणाच्या तासभर आधी व नंतर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भावी डॉक्टर मुली त्यातून आपोआप वगळल्या जात नाहीत.

त्या अम्माकडे पाहताना मला मधली सुट्टी आठवली. तिचाही डबा त्या दिवशी 'जास्त' झाला होता, असे ती मला म्हणाली.

मी त्या मुलीची क्षमा मागितली. सर्वांदेखत मागायला हवी होती. ती मी माझ्या खोलीत मागितली, याची खंत आहे. राउंड साडेनऊला नेली, तर वरिष्ठांनी शिस्त ढासळल्याची तक्रार केली. मुलींच्या वसतिगृहात रविवार रात्रीचे जेवण सुरू व्हावे म्हणून अर्ज केले. त्याला दीड वर्ष लागले, आणि शेवटी ते सुरू झाले ते माझ्या अर्जांमुळे नव्हे, तर मुलींच्या पालकांनी येऊन धरणे धरल्यामुळे. ओ.पी.डी.चे मला काही करता आले नाही. तेथे रोग्यांची रांग खरोखरच संपत नाही, आणि रांगेतला माणूसही पहाटेपासून उपाशी असतो. त्याला थांबवून आपण जेवायला जाणे कुणाच्याही जिवावर येते. यावर पाळ्या लावणे एवढाच उपाय मला सुचला. दोघे जेवतील, दोघे रोगी पाहतील. काही युनिटांनी तो केला, काहींनी नाही.

सिस्टरांच्या कपाटात मात्र आम्ही एक पत्र्याचा डबा ठेवला: फुटाणे, गूळ आणि शेंगदाणे. विद्यार्थी, निवासी डॉक्टर, आया, कुणीही न विचारता घ्यावे. उभ्याने खाऊ नये, एवढा एकच नियम. तो अम्माने घातला होता. तिच्यासमोर प्राध्यापकांनाही स्टुलावर बसावे लागे. पैसे आम्ही शिक्षक आळीपाळीने देत असू, आणि त्याचा हिशेब सिस्टर रजिस्टरच्या मागच्या पानांवर ठेवीत. २०२३ साली मी निवृत्त झालो त्या दिवशी त्या पानावर माझ्या नावापुढे दोन महिन्यांची बाकी निघाली. निरोपाचा हार गळ्यात पडण्यापूर्वी सिस्टरांनी ती माझ्याकडून वसूल केली.