सागरेश्वरचें अरण्य

अरण्य म्हटलें कीं आपणांस कोयनेचें खोरें किंवा चांदोलीचें रान आठवतें. पलूससारख्या उंसाच्या मुलखांत अरण्य पाहावयास कोण जाईल? परंतु पलूस, कडेगांव व वाळवा हे तीन तालुके जेथें एकमेकांस भिडतात, तेथेंच सागरेश्वरच्या डोंगरावर सुमारें १०·८७ चौरस किलोमीटरांचें राखीव रान आहे. त्याचाच परिचय आज करून द्यावयाचा आहे.

हें रान आपल्याला वाडवडिलांकडून आयतें मिळालेलें नाहीं. तें माणसांनीं उभें केलें आहे. उघड्याबोडक्या, खडकाळ टेकड्या पुन्हां झाडांनीं झांकाव्या हा ध्यास मोहित्यांचे वडगांव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं घेतला आणि वनखात्यासही त्यांत ओढलें. सांबर, चितळ, काळवीट हीं जनावरें बाहेरून आणून येथें सोडण्यांत आलीं. १९८५ सालीं ह्या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पुणें-मिरज लोहमार्गावरील ताकारी किंवा किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरावें. पावसाळा सरतांना गेल्यास गवत हिरवें असतें व चढणही जाचत नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील घनदाट झाडीची अपेक्षा मात्र धरूं नये. येथील रान पर्जन्यछायेंतलें, म्हणून बरेंचसें कांटेरी व खुरटें; चैत्रांत तर तें अगदीं रुक्ष वाटतें. पण माथ्यावरून खालीं पाहावें. एका बाजूस कृष्णेचें पात्र आणि उंसाचे हिरवेगार पट्टे, पाठीशीं कोरडा डोंगर; सातारा-सांगलीचा सारा भूगोल एका दृष्टिक्षेपांत उमगतो. पायथ्याला सागरेश्वराचें प्राचीन देऊळ असून भोंवतीं लहान देवळांचा मेळाच आहे. श्रावणांत तेथें भाविकांची दाटी होते; ज्याला हरणें पाहावयाचीं आहेत त्यानें ते दिवस टाळावे. जवळचें देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें आजोळ. १९१३ सालीं त्यांचा जन्म तेथेंच झाला.

आतां थोडें अप्रिय बोलतों. रानाभोंवतीं कुंपण आहे, पण हरणाला कुंपणाचा कायदा कोण शिकविणार? हरणांची संख्या वाढली, उन्हाळ्यांत चारा आटला आणि कुंपणापलीकडे उपसा सिंचनाच्या पाण्यावर पोसलेलें कोंवळें पीक डोलूं लागलें, कीं कळप शेतांत उतरतात. एका रात्रींत उभ्या पिकाची नासाडी होते. शहरांतून गेलेल्या आपणांस तोच कळप मनोहर वाटतो. शेतकऱ्याला तो चोर वाटतो, आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. माझ्या मतें दोष हरणाचाही नव्हे. एवढ्याशा बेटावर जनावरें आणून सोडलीं, तर त्यांच्या चाऱ्यापाण्याचा आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचा भार सोडणाऱ्यांनीं, म्हणजे सरकारनें व तुम्हीं-आम्हीं, उचलावयास हवा. भरपाई वेळेवर मिळाली, रानांतलें गवत राखलें, पाणवठे वैशाखांतही भरलेले राहिले, तर गांवकरी ह्या रानाचे वैरी होणार नाहींत. झाडें लावणारे अखेर त्यांच्यांतलेच होते.

तेव्हां जाणाऱ्यांनीं सकाळीं लौकर निघावें, पाणी बरोबर घ्यावें, हरणांस खाऊ घालण्याचा मोह आवरावा. आणि परततांना देवराष्ट्र्याच्या एखाद्या बांधावर घटकाभर थांबून, यंदा पीक किती हातीं लागलें, हें तेथल्या शेतकऱ्यास अवश्य विचारावें.