सीपीयूचा डबा कधी उघडलाय का?

आज बोलायचंय ते टेबलाखाली ठेवलेल्या त्या डब्याविषयी. त्याला आपण सगळ्याजणी सीपीयू म्हणतो. पडदा रोज पुसतो, की-बोर्डही झटकतो, पण हा डबा घरी आल्यापासून कितीदा उघडला?

आपला माण तालुका दुष्काळी. फाल्गुन सरला की फुफाटा उडायला लागतो. दार लावलं तरी फडताळातल्या भांड्यांवर थर बसतोच, मग पंख्यानं हवा ओढणाऱ्या डब्यात तो किती बसत असेल? आत मुख्य चिपेवर पातळ पातळ पत्र्यांचा एक ठोकळा असतो. चिपेची उष्णता तो घेतो आणि वरचा पंखा ती बाहेर घालवतो. त्या पत्र्यांच्या फटी धुळीनं बुजल्या, की भर उन्हाळ्यात अंगावर गोधडी घेतल्यासारखं होतं. उष्णता फारच वाढली की आपला जीव वाचवायला मशीन स्वतःच बंद पडतं.

ते नेमकं दुपारी बंद पडतं आणि आपल्याला वाटतं, व्हायरस आला. आमच्या ओळखीच्या एक ताई ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांनी दोनदा पैसे देऊन सगळं पुसून नव्यानं भरून घेतलं. गिऱ्हाइकांची जुनी कागदपत्रंही त्यात गेली. शेवटी डबा उघडला, तर पंख्याखाली धुळीची जाड गादी! दोन रुपयांचाही खर्च नव्हता.

आता हे घरच्या घरी कसं करायचं, ते सांगतो.

आधी कॉम्प्युटर रीतसर बंद करा. बटण बंद करून प्लग काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, परत लावताना गोंधळ होत नाही. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. स्क्रू वाटीत ठेवा.

आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. अंगावरची स्थिर वीज, नायलॉनची साडी काढताना चटचट आवाज करते ना, तीच, नाजूक चिपेला मारक असते. म्हणून पदरानं पुसायचं नाही आणि ओलं फडकं तर नाहीच. तोंडानं फुंकूही नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

रंगाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश घ्या. डबा ओसरीवर न्या, नाकाला रुमाल बांधा. पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा आणि धूळ हलकेच बाहेर झटका. ब्लोअर मारलात तरी पातं धरायचंच, पंखा गरागरा फिरू द्यायचा नाही. तो ठोकळा मात्र उपटू नका. त्याच्याखाली लेप असतो. ठोकळा काढला की लेप नवा लावावा लागतो.

एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. जिथं विजेची जाड वायर लागते, ती पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीच उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते आणि जोरात झटका बसू शकतो. तिची जाळी बाहेरूनच झटका. आणि डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते धुळीचं काम नव्हे. अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा.

डबा जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा पाटावर ठेवा. भिंतीपासून वीतभर लांब असू द्या. चालू असताना त्यावर कापड टाकू नका. मागं पट्टी निघून मोकळी फट राहिली असेल तर ती पट्टी परत बसवा, पाली आणि झुरळं तिथूनच शिरतात. हवेची जाळी मात्र बुजवायची नाही.

मैत्रिणींनो, १९९७ साली याच म्हसवडमध्ये बायकांची माणदेशी बँक उभी राहिली. सह्या येत नाहीत म्हणून आधी परवानगी नाकारली होती, तेव्हा तोंडी हिशेब करून दाखवणाऱ्या बायका आपल्याच होत्या. आज हिशेब त्या डब्यात गेलाय. मग डब्याची निगा दुसऱ्याच्या हाती का ठेवायची? शिलाई मशीनला तेल आपणच घालतो ना?

कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी एका रविवारी खूण करा. उन्हाळ्यात महिन्याला बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.