अँटेनाचें प्रवेशद्वार



मीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें. साठ अंशांची कोसाइन अर्धी, हें किती मुलांकडून घोकून घेतलें याची गणती नाहीं. परंतु तिचा व्यवहारांतील उपयोग पाहण्याचा योग आला तो गेल्या वर्षीं, नातवाच्या टेबलाशीं.

नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तो पॅच अँटेना करीत होता. वर तांब्याचा चौकोनी तुकडा, मध्यें १.६ मिलिमीटर जाडीचा काचतंतूचा थर, तळाशीं अखंड तांबें, एवढाच हा संसार. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठीं तुकड्याची लांबी सुमारें २९ मिलिमीटर भरते. त्याच्या धारेशीं रोध समजा २०० ओहम आहे आणि केबल ५० ओहमची. सरळ जोडल्यास ३६ टक्के शक्ति परत फिरते. म्हणून खांच पाडून जोडपट्टी आंत नेतात. सबंध लांबी १८० अंश धरली, तर तृतीयांश आंत गेल्यावर साठ अंश होतात. रोध कोसाइनच्या वर्गाप्रमाणें उतरतो. अर्ध्याचा वर्ग पाव, म्हणजे ५० ओहम!

हें गणित स्थूल खरें. पण संगणकावरील प्रतिरूप तें मुळींच मानीना. तेव्हां परावर्तन नाहींसें होईपर्यंत नातवानें खांच सरकविली व तबकडी करवून आणली. प्रत्यक्ष मापनांत बरीच शक्ति परत येऊं लागली. परीक्षा आठवड्यावर होती. पोर हिरमुसला.

दोष निघाला पोर्टांत. प्रतिरूपांत शक्ति जेथून शिरते व जेथें परतते, तें हें बंदर. नातवानें तें पट्टीएवढेंच, तीन मिलिमीटर रुंद आंखलें होतें. परंतु विद्युत्क्षेत्र पट्टीच्या दोहों बाजूंस व वर हवेंतही पसरतें. पोर्टच्या कडांनीं तें छाटलें गेलें. पट्टीचा रोध भलताच निघाला, आणि संगणकानें त्या भलत्या मापाशींच तुलना केली. बाहेरची केबल मात्र ५० ओहमचीच!

पोर्ट पट्टीच्या रुंदीच्या कित्येक पट रुंद, थराच्या जाडीच्या कित्येक पट उंच व तळाच्या तांब्याला भिडलेलें असावें. अवास्तव मोठेंही नको. नको त्या लहरी शिरतात. आधीं नुसती पट्टी तपासून ५० ओहम येतात का तें पाहावें. मग पोर्ट किंचित् वाढवून पाहावें. उत्तर ढळलें नाहीं, तरच अँटेनाकडे वळावें.

नातवानें तसेंच केलें. खांच पुन्हां तृतीयांशाजवळ आली, आणि दुसरी तबकडी परीक्षेच्या आदल्या दिवशीं जुळली.

संगणकाचा हिशेब चुकला नव्हता. आपला प्रश्न चुकला होता. उत्तर तपासण्याची संवय आम्ही मुलांना लावतों. मांडणी तपासण्याची संवय लावण्यांत मी स्वतः कमी पडलों, हें त्या दिवशीं मला उमगलें.