काळा पडदा

लॅपटॉपमध्ये फर्मवेअरची नवी आवृत्ती बसविली आणि पडदा काळाच राहिला, की मनुष्याचा धीर सुटतो. आपली सारी कागदपत्रे गेली, असे त्यास वाटू लागते. ही भीती बहुधा अनाठायी असते. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधले, म्हणून ‘फर्मवेअर’. हा शब्द ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली योजला. ते राहते एका लहानशा चिपमध्ये, आणि कागदपत्रे राहतात डिस्कवर. एकाच्या दुखण्याने दुसऱ्याचा नाश होत नाही.

म्हणून पहिले औषध धीराचे. नव्या आवृत्तीनंतर यंत्र आपल्या स्मृतीची जुळणी पुन्हा करते. त्यास काही मिनिटे लागतात. पंखा फिरत असेल, तर वीज तोडू नये. चिपवरील लेखन अर्ध्यावर तुटले, तर यंत्र खरोखरच मुके होते.

अर्धा तास वाट पाहूनही उजेड पडला नाही, तर चार्जर काढून चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग बाहेरचा पडदा जोडावा. तेथे चित्र उमटले, तर यंत्र जिवंत आहे. केवळ त्याचा स्वतःचा पडदा आंधळा आहे. दोन्ही काळे राहिले, तर पेनड्राइव्हवरून फर्मवेअर पुन्हा बसविण्याची सोय अनेक यंत्रांत असते. एचपीच्या पुष्कळ यंत्रांत विंडोज आणि बी या कळा त्यासाठी राखलेल्या आहेत.

जागे झालेले यंत्र कधी बिटलॉकरची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.